जुन्या हत्याराचा माग कसा काढायचा

जुना रंधा, व्हाइस किंवा लेथ हाती लागला की आधी तो घासूनपुसून लख्ख करावासा वाटतो. तेवढा मोह आवरा. गंजाच्या थराखाली, रंगाच्या पापुद्र्यात आणि मुठीच्या खाचेत त्या हत्याराची ओळख दडलेली असते, आणि तारेचा ब्रश ती पाच मिनिटांत कायमची पुसून टाकतो. एका मायक्रोमीटरच्या चौकटीवरचा पुसट ठसा मी असाच घालवला. नंतर जाणकारांना फोटो दाखवले तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "चौकटीवर काय लिहिलं होतं?" त्याचं उत्तर आता कुणालाच मिळणार नाही.

जुनी हत्यारे बनवणारे बरेच कारखाने बंद पडले, विकले गेले, त्यांचे दप्तर हरवले. जे ज्ञान उरले ते हौशी माणसांकडे विखुरलेले आहे. कुणी आयुष्यभर एकाच कंपनीचे गुणे जमवले, कुणाच्या कपाटात जुने कॅटलॉग आहेत, तर कुणी वडिलांच्या लेथचे मूळ बिल जपून ठेवले आहे. इंटरनेटमुळे ही माणसे एकमेकांना सापडली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापैकी कुणाकडे तरी असण्याची शक्यता मोठी आहे. अडचण एवढीच की तुमचे हत्यार त्यांना हातात घेऊन पाहता येत नाही. म्हणून त्यांचे हात आणि डोळे तुम्हालाच व्हावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: साफसफाईआधी नोंद

मऊ ब्रशने सुटी धूळ झटका. धातूवरचा चिकट मळ रॉकेलच्या फडक्याने हलकेच टिपला तर चालतो, पण लाकडी मूठ आणि छापील लेबल यांना रॉकेल लावू नका. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, त्यामुळे तो कोरडा घासून त्याची धूळ उडवणे प्रकृतीला घातक आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या किंवा विजेच्या जुन्या यंत्राला ओळख पटण्याआधी चालू करून पाहण्याचीही घाई नको.

मग फोटो काढा. आधी सगळ्या बाजूंनी पूर्ण हत्यार, तळासकट. नंतर प्रत्येक ठसा, अंक आणि चिन्ह जवळून. पुसट अक्षरांसाठी खोलीत अंधार करा आणि बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा झोत टाका. समोरून प्रकाश टाकला की अक्षरे नाहीशी होतात, आडव्या प्रकाशात त्यांची सावली पडते आणि ती उठून दिसतात. तरीही जमले नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवा, किंवा खोलगट अक्षरांत खडू भरून वरचा पुसून घ्या. कॅमेऱ्याला न दिसलेली अक्षरे मला कागदावर अनेकदा मिळाली आहेत.

मापे इंचांत आणि मिलिमीटरमध्ये, दोन्ही घ्या. ब्रिटिश आणि अमेरिकी जुने कॅटलॉग इंचांत आहेत आणि कित्येकदा नुसत्या मापावरून क्रमांक कळतो. स्टॅन्ली या अमेरिकी कंपनीचा ४ नंबरचा रंधा सुमारे ९ इंच लांब असतो, ५ नंबरचा १४ इंच, ७ नंबरचा २२ आणि ८ नंबरचा २४. अंक झिजून गेला असला तरी फूटपट्टी तो सांगते. व्हाइसच्या जबड्याची रुंदी मोजा. लेथच्या बाबतीत किती व्यासाचे काम त्यावर फिरते आणि दोन टोकांत किती लांबी बसते, तेही मोजा.

दुसरी पायरी: अक्षरे वाचणे

इथे नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते. अक्षरे दोन प्रकारची असतात. बिडाच्या ओतकामातच उठावाने आलेली अक्षरे साच्यातून येतात, त्यामुळे त्या साच्यातल्या प्रत्येक भागावर ती सारखीच असतात. तो बहुधा भागाचा क्रमांक असतो किंवा ओतशाळेची खूण. ठोकून उमटवलेले अंक मात्र एकेका नगावर वेगळे, थोडे वेडेवाकडे आणि सहसा घासून सपाट केलेल्या जागी असतात. नगाचा क्रमांक तिथे शोधावा. साउथ बेंड या अमेरिकी कंपनीच्या लेथवर तो बेडच्या, म्हणजे खालच्या लांब पायाच्या, टेलस्टॉककडच्या (कामाचे दुसरे टोक धरणाऱ्या सरकत्या आधाराकडच्या) टोकाला सापडतो. "माझ्या यंत्राचा क्रमांक अमुक, साल सांगा" म्हणून विचारणारा पुष्कळदा ओतकामातला भागक्रमांक पाठवतो. त्यावरून साल निघणे शक्यच नसते.

काही शब्द निर्मात्याच्या नावासारखे दिसतात, पण नाव नसतात. पटाशीवर 'कास्ट स्टील' असेल तर ती कंपनी नाही आणि ते ओतीव बीडही नाही. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत बसवली, त्या पोलादाचे हे नाव. ते अभिमानाने हत्यारावर ठोकले जाई. करवतीच्या मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर गरुड आणि 'वॉरंटेड सुपीरियर' असेल तर तेही कुणा एकाचे नाव नव्हे. अनेक कारखाने आपल्या दुय्यम मालाला किंवा दुकानदारांसाठी बनवलेल्या करवतींना असे बिल्ले लावत. फिलाडेल्फियाच्या डिस्टन कंपनीचा बिल्ला मात्र खजिना आहे. त्याची अक्षररचना काळानुसार बदलत गेली आणि हौशी मंडळींनी शेकडो बिल्ले शेजारी ठेवून त्यांचा क्रम लावला आहे.

लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर दोन-तीन नावे असतात. त्यांतले गावाच्या नावासकट, नीट मध्यभागी असलेले बहुधा निर्मात्याचे. वेड्यावाकड्या जागी, पुन्हा पुन्हा ठोकलेले नाव सुताराचे, मालकाचे. एकाच रंध्यावर तीन मालकांची नावे असली तर तो तीन हातांतून गेला. ही नावे खरवडून टाकू नका, मला तरी ती निर्मात्याच्या ठशाइतकीच मोलाची वाटतात. वर टोक असलेल्या तीन रेघांचा बाण दिसला तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण.

आणि नाव दुकानाचेही असू शकते. सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने 'क्राफ्ट्समन' नावाने विकलेली यंत्रे निरनिराळ्या कारखान्यांनी बनवली. कोणी बनवले ते मॉडेल क्रमांकाच्या टिंबाआधीच्या तीन अंकांत असते: १०१ म्हणजे ॲटलस, १०३ म्हणजे किंग-सीली, ११३ म्हणजे इमर्सन. ॲटलसचे लेथ असेल तर सुटे भाग आणि माहिती ॲटलसच्या नावाने शोधावी. हे एक कळले की बंद वाटणारे दार उघडते.

तिसरी पायरी: साल ठरवणे

अमेरिकी हत्यारांवर पेटंटच्या तारखा असतात. तिथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. स्टॅन्लीच्या कित्येक जुन्या रंध्यांवर पाते आडवे हलवण्याच्या लहान दांडीवर १०-२१-८४ अशी तारीख आहे. ती पाहून रंधा १९८४ चा समजणारे लोक भेटतात. ती तारीख २१ ऑक्टोबर १८८४ ची आहे.

हे तपासायची एक सुंदर युक्ती आहे. अमेरिकी पेटंट त्या काळात मंगळवारीच दिली जात, आजही तसेच आहे. २१ ऑक्टोबर १८८४ ला मंगळवार होता, १९८४ साली त्या तारखेला रविवार होता. झिजलेल्या अंकालाही हीच युक्ती लावा. समजा रंध्याच्या बेडवर, म्हणजे बिडाच्या मुख्य अंगावर, 'मार्च २५, ०' एवढेच वाचता येते आणि शेवटचा अंक गेला आहे. १९०० ते १९०९ या दहा वर्षांत २५ मार्चला मंगळवार फक्त १९०२ मध्ये आला. अंक सापडला! कॅलेंडर उघडून हे काम दोन मिनिटांत होते आणि ते करताना मला दर वेळी पहिल्यासारखाच आनंद होतो.

तारखेऐवजी पेटंट क्रमांक असेल तर काम आणखी सोपे. १९१० चे पहिले पेटंट ९,४५,०१० क्रमांकाचे, १९२० चे १३,२६,८९९, १९३० चे १७,४२,१८१ आणि १९५० चे २४,९२,९४४. तुमचा क्रमांक कोणत्या दोघांच्या मध्ये बसतो ते पाहिले की साधारण काळ कळतो. मग मूळ पेटंट काढून त्यातले चित्र आपल्या हत्याराशी ताडून पाहा. पेटंट बहुधा कंपनीच्या नावाखाली सापडत नाही, संशोधकाच्या नावाने असते. म्हणून 'डाटॅम्प' ही हौशी स्वयंसेवकांनी उभी केलेली अमेरिकी हत्यारांच्या पेटंटांची सूची फार उपयोगी पडते. तिथे पेटंट कोणत्या निर्मात्याने वापरले त्याची जोड दिलेली असते.

मात्र एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. पेटंटची तारीख म्हणजे हत्यार बनल्याची तारीख नव्हे. हत्यार त्याआधीचे नाही, इतकेच ती सांगते. 'एप्रिल १९, १०' ही तारीख ओतलेले स्टॅन्लीचे रंधे १९२० च्या दशकातही बनत होते. 'माझा रंधा १९१० चा' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे, आणि त्यातले बहुतेक रंधे नंतरचे असतात.

स्टॅन्लीच्या रंध्यांचे साल ठरवताना लोक 'टाइप ११', 'टाइप १६' असे बोलतात. हे टाइप कंपनीने कधी छापले नाहीत. संग्राहकांनी असंख्य रंधे पाहून, कोणता बदल कशानंतर आला ते जुळवून ही मांडणी केली. बेडवर तीन पेटंट तारखा आणि पुढची मूठ ठेंगणी, तर टाइप ११, साधारण १९१० ते १९१८. पाते दाबून धरणाऱ्या लिव्हर कॅपचे छिद्र मूत्रपिंडाच्या आकाराचे असेल तर ती कॅप १९३३ किंवा त्यानंतरची. पात्यावर हृदयाच्या चौकटीत 'एस डब्ल्यू' अक्षरे असतील तर ते पाते १९२० नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांतले. ते हृदय कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या नावावरून आले. पण कारखान्यात जुने भाग संपेपर्यंत वापरले जात, त्यामुळे दोन टाइपांच्या सीमेवरचे रंधे असणारच. तुमचा रंधा तक्त्यात तंतोतंत बसला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

इतर देशांच्या खुणा थोडक्यात. ब्रिटिश वस्तूवर चौकोनी हिऱ्याच्या आकाराची नोंदणीखूण असेल तर १८४२ ते १८८३. १८८४ पासून तिच्या जागी नुसता नोंदणी क्रमांक आला आणि तो १ पासून सुरू झाला. जर्मन वस्तूवर 'डी आर पी' म्हणजे राइखच्या (तेव्हाच्या जर्मन राज्याच्या) काळातले पेटंट आणि 'डी आर जी एम' म्हणजे नोंदलेला उपयुक्त नमुना, दोन्ही साधारण दुसरे महायुद्ध संपेपर्यंतच्या जमान्यातली. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर युद्धानंतरची, १९५२ पर्यंतची. अमेरिकी डब्यावरच्या पत्त्यात पाच अंकी झिप कोड असेल तर डबा १९६३ च्या आधीचा नाही.

काही निर्माते तारीख स्वतःच देऊन ठेवतात. शिकागोत १९४१ साली सुरू झालेल्या विल्टन कंपनीच्या जुन्या व्हाइसचा पुढचा जबडा पूर्ण बाहेर काढून सरकणाऱ्या दांड्याखाली पाहा. तिथे महिना आणि साल ठोकलेले असते. मात्र सुरुवातीच्या नगांवर ती पाच वर्षांच्या गॅरंटीची मुदत संपण्याची तारीख आहे. म्हणजे ५-४८ असेल तर व्हाइस १९४३ च्या मे महिन्यातला. हे ज्याने पहिल्यांदा उलगडले त्याने पुढच्या सगळ्यांचा गोंधळ वाचवला.

चौथी पायरी: भाग एकमेकांचे आहेत का

शंभर वर्षे वापरलेल्या हत्याराचे भाग बदललेले असतात. पाते झिजते आणि नवे बसते, त्यामुळे पात्याच्या ठशावरून रंध्याचे साल ठरवू नका. काळ्या लेपाची छटा, गंजाचा रंग, निकेलच्या मुलाम्याची झीज हे सगळे भागांवर सारखे आहे का ते पाहा. एक भाग नवाकोरा आणि शेजारचा झिजलेला असेल तर शंका घ्या.

आटे खूप बोलतात. पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावून इंचाला किती आटे आहेत ते मोजा. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंश, विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये सुचवलेल्या अमेरिकी आट्यांचा ६०. ब्रिटिश यंत्रात ६० अंशांचा एकच बोल्ट निघाला तर तो बहुधा नंतर बसवलेला. स्टॅन्लीच्या रंध्यांच्या मुठीचे बोल्ट १२ नंबरचे, इंचाला २० आट्यांचे आहेत आणि साध्या हार्डवेअरच्या डब्यात ते सापडत नाहीत. तिथे दुसराच स्क्रू जबरदस्तीने घुसवला असेल तर बिडातले आटे खराब झाले असतील, हेही लगेच पाहून घ्या.

पाचवी पायरी: कागद

जुने कॅटलॉग, वापराच्या पुस्तिका आणि व्यापारी मासिकांतल्या जाहिराती यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या संकेतस्थळांवर पुष्कळ आहेत. ब्रिटिश कारखान्यांसाठी ग्रेसेस गाइड, लाकूडकामाच्या अमेरिकी यंत्रांसाठी व्हिंटेज मशिनरीचा साठा पाहा. यांतला मोठा भाग लोकांनी आपापल्या घरचे कागद स्कॅन करून भरला आहे.

कॅटलॉगचे चित्र पाहताना सावध असा. नवे चित्र कोरून घ्यायला खर्च येई, म्हणून कंपन्या जुनेच चित्र वर्षानुवर्षे छापत. वस्तू बदललेली असे, चित्र नाही. शब्दांत दिलेले वर्णन आणि मापे यांच्यावर जास्त विश्वास ठेवा. एकापाठोपाठच्या सालांचे कॅटलॉग मिळाले तर आपले हत्यार कोणत्या साली पहिल्यांदा दिसते आणि कोणत्या साली गळते ते टिपा.

सहावी पायरी: विचारणे

आता प्रश्न विचारायला तुम्ही तयार आहात. 'हे काय आहे?' आणि एक अंधूक फोटो, अशा प्रश्नाला फारसे कुणी उत्तर देत नाही. असे लिहून पाहा:

"नमस्कार. बिडाचा रंधा, लांबी १४ इंच, पात्याची रुंदी २ इंच. बेडवर तीन तारखा ओतलेल्या आहेत, तिसरी 'एप्रिल १९, १०' अशी वाचता येते. पुढची मूठ ठेंगणी आहे. पात्यावर हृदयाची खूण आहे, म्हणून पाते नंतरचे असावे असे वाटते. टाइप ११ समजणे बरोबर आहे का? मागच्या मुठीचे लाकूड वेगळे वाटते, तिच्याबद्दल काही सांगता येईल का? दहा फोटो जोडले आहेत, अजून काही साफ केलेले नाही."

तुम्ही स्वतः काय पाहिले, काय समजलात आणि नेमके कुठे अडलात हे यात दिसते. असा प्रश्न वाचून चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही वेळ काढतो. किमतीचा प्रश्न सुरुवातीला नको. अनेक ठिकाणी तो विचारायला बंदी असते, आणि ओळख पटण्याआधी त्याला अर्थही नसतो. फोटोंमधली ठिकाणाची माहिती काढून टाका. जुन्या मालकाचे कुटुंब हयात असेल तर त्याचे नाव जाहीर करण्याआधी त्यांना विचारा.

गुंता मोठा असेल तर जुन्या संस्थांकडे वळा. अमेरिकेतली अर्ली अमेरिकन इंडस्ट्रीज असोसिएशन १९३३ पासून हेच काम करते, आणि ब्रिटनमध्ये टूल अँड ट्रेड्स हिस्टरी सोसायटी आहे. त्यांच्या सभासदांमध्ये असे लोक असतात की एका खिळ्यावरून शतक ओळखतात.

सातवी पायरी: उत्तरे पारखणे

पाच जणांनी एकच साल सांगितले म्हणजे पाच पुरावे झाले असे नाही. पाचही जणांनी तोच एक तक्ता वाचलेला असू शकतो. नम्रपणे विचारा, "हे कशावरून कळतं?" 'माझ्याकडे असाच आहे आणि सोबत मूळ बिल आहे' हे उत्तर सोन्यासारखे. 'मला वाटतं' हे सुद्धा उपयोगी, पण वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा.

दप्तर गमावलेल्या कारखान्यांची सालवार क्रमांकयादी हौशी मंडळींनी अशीच उभी केली. एकाच्या यंत्रासोबत तारखेचे बिल मिळाले, दुसऱ्याच्या यंत्रावर बसवणाऱ्याने खडूने साल लिहिलेले निघाले. दोन्ही क्रमांक मांडले की मधल्या क्रमांकांची यंत्रे मधल्या वर्षांत बसतात. तिसरे बिल सापडले की अंतर आणखी कमी होते. म्हणून तुमच्या यंत्राचा क्रमांक, तुम्हाला स्वतःला साल माहीत नसले तरी, यादीत घाला. बिल किंवा पावती असेल तर तिचा स्पष्ट फोटो द्या. कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर तुमच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असू शकते.

आठवी पायरी: लिहून ठेवणे

ज्यांनी मदत केली त्यांना शेवटी काय निघाले ते कळवा, अंदाज चुकीचा ठरला असला तरी. मग एका कागदावर लिहा: निर्माता, मॉडेल, क्रमांक, अंदाजे काळ, तो काळ कशावरून ठरवला, कोणते भाग बदललेले वाटतात, हत्यार तुमच्याकडे कुणाकडून आले. पुराव्याने ठरलेले शाईने लिहा आणि अंदाज पेन्सिलने, म्हणजे पुढे दुरुस्त करता येईल. कागदावर आजची तारीख घाला, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि ते पाकीट हत्याराच्याच पेटीत ठेवा. मग खुशाल रॉकेल आणि ब्रश घ्या.